सात कोऱ्या स्लिपा

मध्यवर्ती कारागृह, अमरावती
१४ नोव्हेंबर २००५

रुबीना आपांना किशोर गावंडेचा नमस्कार.

धारणीचा हा पत्ता मला वकिलांकडून मिळाला. तौहीदभाईंचं कापडाचं दुकान तिथं आहे, अकोल्याचं घर बंद करून तुम्ही भावाकडे राहायला गेलात, एवढंच कळलं. कहकशाँचं दहावीचं वर्ष. अशा वेळी शाळा बदलावी लागली, पोरीला जड गेलं असेल. धारणीत गणिताला मास्तर बरे आहेत का?

इथून जाणारं प्रत्येक पत्र आधी वाचलं जातं, म्हणून मोजकं लिहितो.

याच कारागृहात, भिंतीपलीकडच्या महिला विभागात तुम्हाला तेवीस दिवस काढावे लागले, याचं फार वाईट वाटतं. चार वर्षं आपण पूर्णाकाठ बँकेच्या तिसऱ्या मजल्यावर समोरासमोरच्या टेबलांवर बसलो. मी बँकेच्या पैशानं सरकारी रोखे घ्यायचो, विकायचो. घेतलेला रोखा खरोखर बँकेच्या खात्यात जमा झाला की नाही, हे तपासून तुम्ही स्लिपवर सही करायचात. माझ्याकडून चुका झाल्या. तुमच्याकडूनही सह्या करताना थोडी घाई झाली. दोघांचंही नशीब खराब निघालं. बँकेचे ब्याण्णव कोटी बुडाले, पण त्यातला एक रुपया तुमच्या किंवा माझ्या घरी गेला नाही, हे लोकांना कधीतरी कळेलच.

पोलिसांसमोर मी काय बोललो ते तुमच्या कानावर आलं असेल. तीन दिवस झोप नव्हती. ‘मॅडमलाही माहीत होतं’ असं तोंडून निघून गेलं. त्याचा अर्थ त्यांनी त्यांच्या सोयीनं लावला.

मनात राग ठेवू नका.

आपला,
किशोर


मध्यवर्ती कारागृह, अमरावती
२ फेब्रुवारी २००६

रुबीना आपा,

तौहीदभाईंचं कार्ड मिळालं. दोनच ओळी. ‘आपा तुमचं नाव घरात काढत नाही. पुन्हा पत्र पाठवू नका.’ पंधरा दिवस ते कार्ड जवळ ठेवलं आणि आज पुन्हा लिहायला बसलो. नको म्हटलेलं असताना लिहितो, हाही निर्लज्जपणाच.

मागचं पत्र टाकल्यावर मला चक्क बरं वाटलं होतं. मग एका दुपारी भांडी घासताना त्यातलं एक वाक्य आठवलं. ‘सह्या करताना थोडी घाई झाली.’ हातातली थाळी तशीच राहिली. मागचा माणूस ओरडला, “ए बँक, सरक ना बे पुढं!” इथं मला सगळे ‘बँक’ म्हणतात.

ते वाक्य मी परत घेतो. का परत घेतो, हे या कागदावर लिहिता येत नाही. तुम्हाला माहीत आहे.

जे लिहिता येतं ते लिहितो.

२००१ मध्ये गुंतवणुकीचं टेबल मला मिळालं ते तोंडी हिशेब येत होता म्हणून. त्यानंतरची दोन-अडीच वर्षं व्याजाचे दर पडतच गेले. व्याज पडलं की जुन्या रोख्यांचा भाव चढतो. डोळे मिटून घेतले असते तरी नफाच होता. तुम्ही एकदा म्हणाला होतात, “किशोर, पूर आला का ओंडकाबी पोहते. त्याले पोहनं येते असं नाही.” मी हसलो होतो. ते मुंबईच्या दलालाला फोनवर सांगून त्यालाही हसवलं होतं.

वार्षिक सभेत अध्यक्ष ओमप्रकाशजींनी मला स्टेजवर बोलावलं. शाल दिली, नारळ दिला आणि माइकवरून म्हणाले, “हा आपला पोट्टा मुंबईवाल्याइले पाणी पाजून राहिला!” बासष्ट शाखांचे लोक टाळ्या वाजवत होते. तुम्हीही वाजवल्या, मी पाहिलं होतं. बाबा पहिल्या रांगेत कडक इस्त्रीची टोपी घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावभर सांगितलं की पैसा ठेवायचा तर आपल्या किशोरच्या बँकेत. लोकांनी ठेवला. आमच्या शेजारच्या सत्यभामाबाईंनी तीन म्हशी विकून आलेले पैसे ठेवले.

पुढं अमरावतीच्या एका क्लासवाल्यानं मला पोरांसमोर बोलायला नेलं. विषय होता ‘यश कसं मिळवावं’. मी दीड तास बोललो. परतीच्या वाटेवर नव्या गाडीत बायकोला, आचलला म्हणालो, “पाच कोटींची मर्यादा घालून ठेवली आहे मला रोजची. एवढ्याशा पैशात काय होतं?” ती म्हणाली, “मर्यादा कशासाठी असते मग?” मी गाण्याचा आवाज वाढवला.

पाचाचे आठ झाले, आठाचे बारा. नफा येत होता तोवर वरून कुणी विचारलं नाही. विचारत होतात फक्त तुम्ही.

आणि पळालो ते सांगतो. मागच्या जूनमध्ये ज्या कलकत्त्याच्या पेढीकडून रोखे घेतल्याची नोंद होती, तिचे कागद तपासनिसांनी मागितले, त्या संध्याकाळी मी घरी गेलोच नाही. सेमाडोहला गेलो. पर्यटक म्हणून खोली घेतली, दुसऱ्याचं नाव लिहून. सकाळी जिप्सीत बसून जंगलात फिरलो. गाइड चिखलातले वाघाचे ठसे दाखवत होता आणि बाकीच्यांबरोबर मीही वाकून पाहत होतो. फोन बंद करण्याआधी त्यात तुमचे सतरा कॉल होते. एकही उचलला नाही. मी तिथं जेवत होतो त्या वेळी पोलिसांनी तुम्हाला घरातून नेलं, कहकशाँच्या समोर. मी सापडलो नाही म्हणून आधी तुम्हाला. हे मला परतवाड्याच्या स्टँडवर पेपरात दिसलं. तुमचा फोटो होता, ओढणीनं तोंड झाकलेला. चार ओळींच्या मथळ्यात तुमचं पूर्ण नाव होतं आणि माझं नाव आतल्या पानावर. माझ्या मनात काय आलं ते लिहू? आलं, की लोकांना हे नाव लक्षात राहील, माझं नाही.

त्यानंतर तासाभरात मला पकडलं.

किशोर


गावाकडून, जि. अमरावती
२१ ऑगस्ट २००६

रुबीना आपा,

जूनअखेर जामीन झाला. आता हे पत्र कुणी वाचणार नाही, तुमच्याशिवाय. वाचाल की नाही कोण जाणे.

परवा बाबा सकाळीच धोतर-टोपी करून निघाले. परतवाड्याच्या बाजाराला जातो म्हणाले. रात्री आले नाहीत. काल संध्याकाळच्या बसनं उतरले आणि पाय न धुताच ओट्यावर बसले. मी पाण्याचा तांब्या नेला.

“कुठी गेलते बाबा?”

“धारणीले.”

तांब्या त्यांनी घेतला नाही. मी तो धरून उभा.

“कापडाचं दुकान सापडलं. मी म्हटलं, मी खुशालराव गावंडे, किशोरचा बाप. भाऊ उठून उभा राह्यला. मले वाटलं मारते. त्यानं खुर्ची देल्ली. मंग थे बाई आली. चहा आनला. जेवाले थांबा म्हने.”

“मग?”

“मी म्हटलं, पोरी, त्यानं तुहं नाव काहून घेतलं थे मले समजून नाही राह्यलं, म्हनून आलो. थे म्हने, चाचा, सह्या माह्याच हायेत. पन कागद कोरे होते. बाकीचं तुमच्या पोराले इचारा.” बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “इचारतो आता. कागद कोरे होते का?”

आई दारात येऊन थांबली होती. मी म्हणालो, “वकील रामराव सांगतात, त्यावर बोलायचं नाही.”

“मी वकिलाले नाही इचारलं.”

“होते,” मी म्हणालो.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “लोकं तुह्या नावानं थुंकून राह्यले, थे मी सोसतो. माह्या सांगन्यावरून त्याइनं पैसा ठेवला, थेबी सोसतो. पन बाईच्या अंगावर घान टाकून तू माह्या घरात भाकर खाऊन राह्यला, थे नाही सोसवत मले.” काल रात्रीपासून त्यांचं ताट बाहेर ओट्यावर लागतं.

तेव्हा आता लिहून टाकतो. तुम्हाला सगळं माहीत आहे, पण माझ्या हातानं लिहिलेलं कुठंतरी असावं.

२००४ च्या उन्हाळ्यानंतर व्याज चढायला लागलं आणि रोख्यांचे भाव कोसळले. पहिल्या फटक्यात चाळीस लाख गेले. तेव्हा साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं असतं तर फार तर बदली झाली असती. मी कलकत्त्याची एक पेढी कागदावर जन्माला घातली आणि तिच्याकडून रोखे घेतल्याचं दाखवलं. तोटा झाकला गेला. महिनाभरात भाव चढले की खरे रोखे घेऊन ते खोटे कागद फाडून टाकायचे, असं ठरवलं होतं. भाव चढले नाहीत. मी तोटा भरून काढायला दुप्पट खरेदी केली, मग चौपट.

तुम्ही तीन वेळा विचारलं. पहिल्यांदा, “किशोर, या कलकत्तेवाल्याचा फोन काहून लागत नाही?” मी म्हणालो, नंबर बदलला. दुसऱ्यांदा तुम्ही स्लिप परत केली, “रोखे आल्याबिगर मी सही नाही करत.” तिसऱ्यांदा मला बाजूला घेऊन म्हणालात, “काही झालं असन तं आता सांग. मी सोबत येतो साहेबाजोळ.” आपा, ती वेळ मी रोज आठवतो. मी म्हणालो, “तुम्ही पण ना आपा! आठ दिवसांत कागद येतात.” आणि खालच्या हॉटेलातून तुमच्यासाठी गिला वडा मागवला.

त्या आठ दिवसांतच तुमचे अब्बा, ताहेर चाचा गेले. तुम्हाला भर कामाच्या वेळी उठून जावं लागलं. महिनाअखेर होती. खऱ्या व्यवहारांच्या सह्या अडतील म्हणून तुम्ही सात कोऱ्या स्लिपांवर सही करून माझ्या हातात दिल्या. बँकेत असं सगळेच करायचे, पण तुम्ही त्याआधी कधी केलं नव्हतं.

तुम्ही दहा दिवसांनी आलात. “त्या स्लिपा?” म्हणून पहिलं तेच विचारलंत. मी म्हणालो, “लागल्याच नाहीत, फाडून टाकल्या. आणि कलकत्त्याचे कागदही आले, मिटलं सगळं.” तुम्ही म्हणालात, “बरं झालं बाप्पा.” सातही माझ्या कपाटात होत्या. पुढच्या मेपर्यंत एक-एक काढून त्यांवर ब्याण्णव कोटी बसवले.

हे पत्र तुमच्या वकिलाला दाखवा. तुम्ही कोर्टात दिलंत तर मी नाही म्हणणार नाही. खरं सांगू, तुम्ही द्यावं अशीच माझी इच्छा आहे. म्हणजे मला स्वतःहून उभं राहून बोलावं लागणार नाही.

सत्यभामाबाई दर शुक्रवारी पासबुक घेऊन येतात. बुडालेल्या बँकेतून हजारच रुपये काढू दिले, तेवढ्यात पेरणी झाली नाही म्हणून त्यांनी शेत बटईनं देऊन टाकलं. शिव्या देत नाहीत. “किशोरभाऊ, पैसे कवा भेटतीन? तुमी साहेब, तुमाले माहीत असन.” मी दरवेळी “लवकरच” म्हणतो. अजून मी लोकांना खोटंच सांगतो आहे.

किशोर


अकोला
७ सप्टेंबर २००७

रुबीना आपा,

आज कोर्टात तुमच्यापासून मी आठ पावलांवर बसलो होतो. तुम्ही एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. केस पुष्कळ पांढरे झाले तुमचे.

स्वतःच्या बचावासाठी तुम्ही साक्षीला उभ्या राहिलात. माझे वकील रामराव उलटतपासणीला उठले. काय विचारणार आहेत हे त्यांनी मला आदल्या दिवशी सांगितलं होतं. “बाईवर निम्मी जबाबदारी गेली तर तुमची शिक्षा निम्मी. सही तिची, कायदा सही पाहतो.” मी मान हलवली होती.

“तुमच्या वडिलांच्या दवाखान्याला किती खर्च आला?”

तुम्ही आकडा सांगितला.

“पगार किती होता तेव्हा?”

तोही सांगितला.

“नवरा नाही, मुलगी शिकते, वडील आजारी. पैशाची गरज होती तुम्हाला?”

“गरज होती. म्हनून अम्मीच्या बांगड्या मोडल्या. पावती हाये माह्याजोळ.”

“आणि किशोर गावंडे तुम्हाला जवळचे होते. आपा म्हणायचे. जरा जास्तच जवळचे, नाही?”

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. तौहीदभाई उठून उभे राहिले, शिपायानं त्यांना खाली बसवलं. तुम्ही कठड्याला धरून म्हणालात, “साहेब, मी त्याले भाऊ समजत होती. तुमी काय समजले थे तुमचं तुमाले माहीत.”

आणि मी बसून राहिलो. आपा, मी नखं पाहत बसून राहिलो. नुसतं “नाही” म्हणून ओरडलो असतो तरी चाललं असतं. कोर्टानं गप्प बसवलं असतं, पण ओरडलो असतो. घसा कोरडा पडला होता, हे कारण मी बाहेर आल्यावर स्वतःला दिलं.

आचल मागच्या बाकावर होती. इतके दिवस तीच म्हणत होती की वकील सांगतात तसं करा, कसंही करून घरी राहा. आज स्टँडवर उतरल्यावर ऑटोचे पैसे तिनंच दिले. मग म्हणाली, “त्या बाईच्या घरी मी ईदले जेवली आहो. आज तिच्याकडे पाहता नाही आलं मले.”

“केस आहे, आचल. असंच बोलतात वकील.”

“वकील बोलला. तुमी काहून नाही बोलले?” आणि मग अगदी हळू, “दहा वर्षं आत गेले तरी मी वाट पाहीन. असे बाहेर राह्यले तं मले नाही जमत.”

ती परस्पर माहेरी गेली. मी अकोल्यात लॉजवर आहे. गेल्या वर्षीचं पत्र तुम्ही कोर्टात का दिलं नाही, याचा विचार करतो आहे. तुमचे वकील तो कागद घेऊन उठतील म्हणून आज दिवसभर वाट पाहिली. तुम्ही उठून माझं काम करावं म्हणून मी बसून होतो.

किशोर


मध्यवर्ती कारागृह, अमरावती
३ मार्च २००८

रुबीना आपा,

निकालाच्या दिवशी तुम्ही जे बोललात त्यानंतर हे शेवटचं पत्र.

जानेवारीत न्यायाधीशांनी मला शेवटचं विचारलं, आरोपीला स्वतः काही सांगायचं आहे का? रामरावांनी लिहून दिलेला कागद खिशात होता. तो काढला नाही. म्हणालो, “साहेब, त्या सात स्लिपा फाइलच्या क्लिपमधून काढून पाहा. डाव्या कोपऱ्यात छापील नंबर आहेत, क्लिपखाली दबलेले. सातही नंबर ओळीनं लागून आहेत. तारखा मात्र सात महिन्यांच्या आहेत. एकाच दिवशी एकाच पुस्तकातून फाडून सह्या केल्या, म्हणून तसं आहे. तेव्हा त्या कोऱ्या होत्या. आकडे मी भरले. मॅडमना काही माहीत नव्हतं. त्यांना मी फसवलं आणि नंतर पोलिसांना खोटं सांगितलं.”

रामरावांनी टेबलावरची फाइल मिटली. न्यायाधीशांनी क्लिप काढायला लावली आणि नंबर मोठ्यानं वाचले. अडीच वर्षं ते नंबर तिथंच होते. कुणालाही दिसले असते. मला रोज दिसत होते.

तुमची निर्दोष सुटका झाली. मला सात वर्षं. त्याबद्दल तक्रार नाही. आचल भेटून गेली, बाबा आले नाहीत.

व्हरांड्यात शिपायांनी मला थांबवलं होतं आणि तुम्ही समोर आलात. मला वाटलं होतं तुम्ही रडाल किंवा थुंकाल. मूर्खासारखं असंही वाटलं की निदान ‘बरं केलं’ म्हणाल. तुम्ही म्हणालात, “खरं बोलाले तुले अडीच वर्षं लागले, किशोर. तेवढ्यात माही पोरगी दहावीची बारावीत गेली. वर्गात कोणी तिच्याजोळ बसत नव्हतं.”

मी म्हणालो, “मी पत्रात सगळं लिहिलं होतं, आपा.”

“तुहे पत्रं आमी उघडलेच नाही. तौहीदनं पेटीत टाकून ठेवले. जिथी बोलाचं तिथी नाही बोलला, अन् कागदावर बोलत होता.”

आणि तुम्ही जिना उतरून गेलात.

म्हणजे त्या दिवशी कोर्टात मी ज्या पत्राची वाट पाहत होतो, ते बंदच होतं. हे कळल्यापासून लिहायला हात धजत नाही. आता त्रास देणार नाही.

किशोर


मध्यवर्ती कारागृह, अमरावती
११ सप्टेंबर २००९

रुबीना मॅडम,

बँक मोडीत काढायला नेमलेल्या अवसायकांच्या कार्यालयातून तुमच्या सहीचं पत्र मिळालं. बुडालेल्या बँकेचं रेकॉर्ड जुळवायला त्यांनी तुम्हाला घेतलं आहे, हे त्यातूनच कळलं. तिसऱ्या मजल्यावरचे ते कागद दुसऱ्या कुणाला जुळणारही नाहीत. टाइप केलेले तीन प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं आधी देतो.

एक. मार्च २००५ च्या खरेदीसाठी मुंबईच्या दलालाकडे अनामत म्हणून एक कोटी ऐंशी लाख ठेवले होते. तो व्यवहार झालाच नाही आणि अनामत मी परत मागितली नाही, कारण मागितली असती तर बँकेत प्रश्न आला असता. ती रक्कम त्यांच्याकडेच असायला हवी. त्यांची पोच माझ्या जुन्या टेबलाच्या खालच्या खणात, दिवाळी अंकांच्या खाली आहे.

दोन. कलकत्त्याच्या नावावर एकही खरा रोखा नव्हता. शोधू नका.

तीन. माझ्या लाल डायरीतले आकडे लाखांत आहेत, कोटींत नाहीत. ‘ओ’ म्हणजे ओमप्रकाशजी नव्हेत, ‘ओव्हर’, मर्यादेच्या वरची खरेदी. त्यांना तो तपशील माहीत नव्हता. नफ्याच्या दिवसांत त्यांनी विचारलं नाही, एवढीच त्यांची चूक.

पैसे मिळाले तर वाटणीत लहान ठेवीदार आधी येतात, असं इथल्या एका कैद्यानं सांगितलं. आमच्या गावच्या सत्यभामाबाईंचा अर्ज आला आहे का, तेवढं बघा. त्यांना अर्ज लिहिता येत नाही. ही विनंती करायचा मला हक्क नाही.

आता तुमचा चौथा प्रश्न. तो टाइप केलेला नाही, खाली पेननं लिहिला आहे. ‘सगळी पत्रं आता वाचली. अब्बांच्या मयतीले तू आला होता, थे त्यात कुठीच नाही. खांदा देल्ला तेव्हा थे स्लिपा तुह्याजोळ होत्या का? अन् तेव्हाच तुह्या मनात आलं होतं का? हो का नाही, एवढंच लिही.’

चार दिवस हे पान बाजूला ठेवलं होतं. कोर्टात हे कुणी विचारलं नाही. बाबांनी नाही, आचलनं नाही. मी तुम्हाला एवढी लांबलचक पत्रं लिहिली आणि प्रत्येक पत्रात त्या दुपारीला वळसा घालून पुढं गेलो.

तुम्ही उभ्यानंच सह्या केल्यात, पर्स खांद्याला. मी त्या स्लिपा घडी करून शर्टाच्या खिशात ठेवल्या आणि तुमच्या ऑटोमागं गाडीवर आलो. ताहेर चाचा गाद्या भरायचे त्या खोलीत त्यांना ठेवलं होतं. पिंजलेल्या कापसाचा वास होता. मला रडू आलं. ते खोटं नव्हतं, चाचांनी माझ्या लग्नाची गादी भरून दिली होती आणि पैसे घेतले नव्हते. दुपारच्या, जोहरच्या नमाजानंतर निघालो. गल्लीच्या वळणावर तौहीदभाईंनी मला पुढं बोलावून खांदा द्यायला लावला. चालताना छातीवर कागद करकरत होते. पन्नास पावलं मी फक्त चाचांचा विचार केला. मग एका स्लिपवर जास्तीत जास्त किती कोटी बसतील, हे मनात आलं. कब्रस्तानच्या फाटकापर्यंत सातांचा हिशेब पूर्ण झाला होता. माती देऊन झाल्यावर तौहीदभाई माझे हात धरून म्हणाले, “किशोरभाई, आज तुम सगे निकले.” मी त्यांना मिठी मारली. स्लिपा दोघांच्या मध्ये होत्या.

तुम्ही हो का नाही, एवढंच विचारलं होतं.

हो, आपा.

किशोर खुशालराव गावंडे